माहुलची रिकामी घरं आणि पुढचं टेंडर

मार्च २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने चेंबूरजवळच्या माहुलमधली ९,०९८ घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. २२५ चौरस फूट, किंमत १२ लाख ६० हजार. या शहरात २०२४ मध्ये म्हाडाच्या २,०३० घरांसाठी लाखाच्या वर अर्ज आले होते. इथे मात्र अर्जांचा दुष्काळ. सफाई कामगारापासून कारकुनापर्यंत सगळ्यांना माहुल म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे, कारण तिथे लोकांना पाठवायचं काम त्यांच्याच खात्यांनी केलं.

माहुलला प्रकल्पबाधितांसाठी ७२ इमारती आणि १७ हजारांवर खोल्या उभ्या आहेत. शेजारी रिफायनऱ्या. तिथल्या हवेमुळे आरोग्याला धोका आहे असं हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं. त्यानंतर २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतची घरं तोडून माणसं तिथेच पाठवली. पुढच्या वर्षी लोक विद्याविहारला येऊन रस्त्यावर बसले, पण परत जाईनात. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, तिथे सक्ती करू नका, महिना १५ हजार भाडं द्या, ४५ हजार डिपॉझिट द्या. म्हणजे घरं बांधून तयार आणि वर भाडंही द्यायचं!

हे होतं कसं? अशी घरं पालिका बहुतेक वेळा रोख पैसे मोजून घेत नाही. बिल्डर स्वतःच्या जमिनीवर इमारती बांधून देतो, बदल्यात त्याला टीडीआर मिळतो, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क, जो विकताही येतो. तिजोरीतून रुपया गेला नाही की फाईल भराभर पुढे सरकते. पण मग जागा कोण निवडतं? ज्याच्याकडे मोठा, स्वस्त आणि दुसऱ्या कशाला न लागणारा भूखंड आहे, तो. पालिका फक्त दारं मोजते. घरकाम करणारी बाई सकाळी किती वाजता निघेल, मुलाची शाळा कुठली, दवाखाना किती लांब, हे मोजायला टेंडरमध्ये रकानाच नाही.

प्रकल्पबाधितांच्या घरांसाठीच्या पालिकेच्या नवीन योजनेत टीडीआरच्या जोडीला क्रेडिट नोट आली, म्हणजे पालिकेला द्यायच्या शुल्कातून वळती करता येणारी चिठ्ठी. खोलीही मोठी झाली, ३०० चौरस फूट, हे चांगलंच. पण एका जागी घरांचा गठ्ठा तसाच. आमच्या मुलुंड पूर्वेला एका ठिकाणी ७,४३९ घरं! आमच्याकडे त्याला विरोध झाला, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा विरोध मला पटला नाही. ‘झोपडपट्टीवाले आमच्यात नकोत’ हे सभ्य भाषेत किती प्रकारे बोलता येतं ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचलंय. पण पाणी, गटार, स्टेशनवरची गर्दी यांचा प्रश्न खोटा नव्हता. आणि अंधेरीत धुणीभांडी करणाऱ्या कुटुंबाला मुलुंडची चावी हातात ठेवून काय साधणार, हे विचारणारे तर फारच थोडे.

शंभर वर्षांपूर्वी सरकारने हाच प्रयोग केला होता. गव्हर्नर लॉईडच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) निघालं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या ठरल्या. २०७ चाळींवर, साधारण १६ हजार खोल्यांवर गाडी थांबली, आणि वरळीच्या कितीतरी खोल्यांना भाडेकरू मिळेनात. १९३० मध्ये सत्याग्रहींना ठेवायला जागा हवी होती, तेव्हा त्या चाळी तुरुंग म्हणून कामी आल्या. पुढे शहर वाढत वाढत वरळीपर्यंत आलं म्हणून बीडीडी चाळी नांदल्या. माहुलच्या रिफायनऱ्या तशा सरकणार नाहीत.

पालिकेने घाऊक खरेदी करूच नये असं मी म्हणत नाही. रस्ते रुंद होणार, नाले मोकळे होणार, घरं लागणारच. पण सात हजार घरं एका जागी घेण्याऐवजी दोनदोनशेचे तुकडे प्रत्येक वॉर्डात घ्या. घर तुटलं त्याच वॉर्डात किंवा शेजारच्या, ही अट टेंडरमध्ये घाला. बिल्डरला महाग पडेल, टीडीआर जास्त मागेल. मागू दे. तो हिशेब मांडताना त्याच कागदावर माहुलच्या रिकाम्या घरांची देखभाल आणि दरमहा १५ हजारांचं भाडंही लिहा, मग बघू कुठलं घर स्वस्त पडतं.

लिफ्टचं राहिलंच. ती बंद पडल्यावर दुरुस्तीचे पैसे कोण भरणार, हेही टेंडरमध्येच ठरवा. नाहीतर वरच्या मजल्यांवरचे म्हातारे घरातच अडकून पडतात.