आजारी पडा, पण पंधरवडा बघून

आपल्या घरातून दवाखान्यावर किती पैसा जातो हे देशाला कळावं, असं मनापासून वाटतं ना? मग जरा शिस्त लावून घ्या. देशाचे आरोग्य लेखे, म्हणजे आरोग्यावर कोणी किती खर्च केला याचा सरकारी हिशेब, तुमच्या स्मरणशक्तीवर उभे आहेत.

राष्ट्रीय नमुना पाहणी ही सरकारची घरोघरची विचारपूस. तिचा पाहणीवाला दारात आला की इस्पितळात दाखल झाल्याचं वर्षभराचं विचारतो, पण साध्या दुखण्याचं फक्त गेल्या पंधरा दिवसांतलं. तेव्हा ताप, खोकला, जुलाब उरकायचे ते त्याच पंधरवड्यात. तो कधी येणार ते पंचांगात बघा. उत्तरं द्यायला घरच्या कर्त्या पुरुषाला बसवा. आईच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात हेही त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे खर्च आपोआप आटोक्यात येतो. खरा हिशेब आईनं कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीनं लिहिलेला असतो: ‘गोळ्या ३४०, रिक्षा ६०’. ती पानं जानेवारीत फडताळात अंथरली जातात.

औषधवाल्याकडे बिल मागून त्याला संकटात टाकू नका. आमचा तर चिठ्ठीच्या पाठीवरच बेरीज करतो आणि सुट्ट्या दोन रुपयांऐवजी गोळी देतो, लिमलेटची. ती औषधखर्चात धरायची की नाही, हे मला अजून सुटलेलं नाही.

आकडे मात्र झकास आहेत. २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ मध्ये ३९.४. हो, तेच वर्ष, ज्यात आपण रेमडेसिविरच्या कुपीसाठी गावभर फोन फिरवत होतो. दचकू नका. त्या वर्षाचं तुम्हाला कोणी विचारलेलंच नाही. घरखर्चाचा पाया २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा, पुढची वर्षं त्यावरूनच वाढवत नेलेली. कोविड यायच्या आधी तुम्ही जे सांगितलंत, त्यातून कोविडातला खर्च निघाला. (सरकारनं २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत आरोग्यावर जीडीपीच्या २.५ टक्के खर्च करू म्हटलं होतं, २०२१-२२ मध्ये झाला १.८४. त्यांचंही स्मरण पंधरा दिवसांचंच असावं.)

सगळ्यात खात्रीचा उपाय शेवटी सांगतो: दवाखान्याची पायरीच चढू नका. २०१४ च्या पाहणीत पंधरा दिवसांत आजारी होतो म्हणणारे खेड्यांत ८.९ टक्के होते, २०१७-१८ मध्ये ६.८ उरले. तब्येती सुधारल्या की लोकांनी दुखण्याला दुखणं म्हणणंच सोडलं, असल्या शंका काढू नयेत. उपचार न घेणाऱ्याचा खर्च शून्य, आणि सरासरी खाली ओढायला शून्यासारखा आकडा नाही. गावाकडची आमची काकू दोन वर्षं मोतीबिंदू ‘पिकू देतेय’. खर्च शून्य रुपये. तांदूळ मात्र हल्ली नात निवडते.