मालक म्हणून नोंदलेला नवरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गुलामगिरीच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत जे कृष्णवर्णीय गुलाम नव्हते, त्या मुक्त कृष्णवर्णीयांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून हे स्वतंत्र टिपण. तुमचे आक्षेप तीन. पहिला, ‘कागदावर स्वतंत्र, प्रत्यक्षात टांगणीला’ असं त्या समाजाचं बापुडवाणं चित्र मी रंगवलं. त्यांचे धंदे, चर्च, संस्था यांना जागाच दिली नाही. दुसरा, १८३० च्या जनगणनेत हजारो मुक्त कृष्णवर्णीय स्वतः गुलामांचे मालक म्हणून नोंदलेले आहेत, ते मी गाळलं. आणि तिसरा, यावरून गुलामगिरी हा वर्णाचा प्रश्न नव्हताच. ज्याच्याकडे पैसा तो मालक, एवढाच तो मामला होता. पहिला आक्षेप मान्य. दुसरा अर्धा मान्य. तिसरा अजिबात मान्य नाही, आणि का नाही याचं उत्तर तुमच्या दुसऱ्या मुद्द्यातच आहे. म्हणून सुरुवात तिथून.

तुम्ही दिलेला आकडा खरा आहे. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकारानं १८३० च्या जनगणनेचे तक्ते तपासून मुक्त कृष्णवर्णीय गुलाममालकांची यादी १९२४ साली छापली. मालक साडेतीन हजारांहून जास्त, गुलाम बारा हजारांवर. मात्र यातल्या बहुतेकांनी आपल्याच नात्यातली माणसं विकत घेतली होती, हेही त्याच वुडसनचं म्हणणं. पुढच्या अभ्यासकांनी हा दावा, विशेषतः साउथ कॅरोलायनापुरता, बराच आखडता घेतला. म्हणजे ‘सगळे दयाळू होते’ हेही खरं नाही. प्रत्येक नोंद सुटी वाचावी लागते, आणि ती कशी वाचायची हे सांगितल्याशिवाय या आकड्याचा उपयोग नाही.

१८३० च्या तक्त्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकी घर म्हणजे रकान्यांतले आकडे. गुलामांचे रकाने वयानुसार : दहाच्या आत, १० ते २४, २४ ते ३६, ३६ ते ५५, ५५ ते १००, आणि त्यापुढे, पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या. मुक्त कृष्णवर्णीयांचेही तेच वयोगट. आता समजा, एका ओळीत प्रमुख मुक्त कृष्णवर्णीय पुरुष, वय ३६ ते ५५. त्याच ओळीत गुलाम स्त्री एक, २४ ते ३६. गुलाम मुलं तीन, दहाच्या आत. हा कापसाचा मळा नाही, हा संसार आहे. दुसऱ्या ओळीत तसाच प्रमुख, पण त्याच्याकडे १० ते ३६ वयाचे बारा पुरुष गुलाम आणि मुलं जवळजवळ नाहीत. तिथे कारखाना किंवा शेती चालू आहे. बेरजेत मात्र दोघेही ‘मालक’.

शिवाय घोटाळा असा की माणूस ज्या घरात राहत असेल त्या घरात मोजला जाई. भाड्यानं कामाला घेतलेला गुलाम ज्याच्याकडे राहतो त्याच्या नावापुढे चढे, मग खरा मालक चार मैलांवरचा गोरा का असेना. म्हणून नुसत्या जनगणनेवर कुणालाही मालक ठरवू नये. ती ओळ कौंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कोर्टातल्या दस्तांच्या वहीशी, मृत्युपत्रांशी, कराच्या याद्यांशी आणि विधिमंडळाकडे केलेल्या अर्जांशी ताडून पाहावी लागते. विक्रीखतात एकच बाई आणि तिची मुलं असतील, आणि पुढे त्याच नवऱ्याच्या मृत्युपत्रात ‘माझी बायको’ असा उल्लेख सापडला, तर शंका मिटते.

पण मग त्यानं तिला विकत घेतल्यावर मुक्त का केलं नाही? आक्षेपाचं खरं मर्म इथे आहे. व्हर्जिनियात १७८२ पासून मालकाला स्वतःच्या मर्जीनं गुलाम मुक्त करता येऊ लागला, आणि मुक्त कृष्णवर्णीयांची संख्या १७९० मधल्या सुमारे तेरा हजारांवरून १८१० पर्यंत तीस हजारांवर गेली. गोरे जमीनदार बिथरले. १८०६ साली कायदा आला : १ मे १८०६ नंतर जो मुक्त होईल त्यानं बारा महिन्यांत राज्य सोडायचं. नाही सोडलं तर स्वातंत्र्य गेलं. त्याला पकडून विकायचं आणि पैसे गरिबांच्या निधीत घालायचे. म्हणजे लोहारकाम करून, पै पै साठवून बायकोला सोडवणाऱ्या माणसापुढे दोन वाटा राहिल्या. तिला मुक्त करायचं आणि वर्षभरात स्वतःचं गिऱ्हाईक, जमीन, गाव सोडून तिच्यासोबत निघून जायचं, किंवा ती कायद्यानं ‘गुलाम’ राहू द्यायची, स्वतःची. राहण्याची परवानगी अर्ज करून मिळवता येत असे, पण त्यासाठी गोऱ्या शेजाऱ्यांच्या सह्या लागत आणि निकाल वर्षानुवर्षं लोंबकळे.

या दुसऱ्या वाटेवरचा खड्डा फार खोल होता. कायद्याच्या नजरेत बायको ही मालमत्ता, त्यामुळे नवऱ्याचं कर्ज थकलं तर सावकार तिच्यावर जप्ती आणू शके. आणि आईचा दर्जा तोच मुलाचा, हा व्हर्जिनियाचा १६६२ पासूनचा नियम. त्यामुळे विकत घेतलेल्या बायकोला पुढे झालेली मुलंही बापाच्या मालमत्तेत जमा होत. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर थोरला मुक्त भाऊ धाकट्या भावंडांचा वारसाहक्कानं मालक होऊ शकत होता. १८३२ मध्ये तर व्हर्जिनियानं मुक्त कृष्णवर्णीयांना नवरा-बायको आणि मुलं यांच्याखेरीज दुसरा गुलाम विकत घ्यायलाच बंदी केली. हा अपवाद विधिमंडळाला कायद्यात लिहावा लागला, यावरून ही खरेदी किती नेहमीची होती ते दिसतं.

आता तुमचा अर्धा मुद्दा, जो मी खरंच टाळला होता. विल्यम एलिसन. जन्म १७९० चा, गुलामीतच. साउथ कॅरोलायनात विन्सबरोला सरकी काढण्याची यंत्रं बनवायला शिकला, १८१६ मध्ये स्वतःला सोडवलं, स्टेटबर्गला स्वतःचं दुकान टाकलं. तिथल्या एपिस्कोपल चर्चमध्ये गोऱ्यांच्या मजल्यावर कुटुंबासाठी बाक मिळवला. एका माजी गव्हर्नरचं घर विकत घेतलं. १८६० साली त्याच्याकडे ६३ गुलाम होते, आणि ते नात्यातले नव्हते. दुकानात आणि कापसाच्या शेतात ते राबत. इथे ‘संसार वाचवण्यासाठी’ ही सबब चालत नाही, आणि मी ती देणार नाही.

पण याच एलिसनची मुलगी मारिया. तिला त्यानं विकत घेतलं होतं, पण १८२० मध्ये साउथ कॅरोलायनानं गुलाम मुक्त करण्याचा मालकाचा अधिकारच काढून घेतला. त्यानंतर मुक्ती फक्त विधिमंडळाच्या ठरावानं. मग १८३० मध्ये एलिसननं मारिया आपल्या ओळखीच्या एका गोऱ्या गृहस्थाला एका डॉलरला विकली. अट ही की तिनं बापाजवळ राहायचं आणि शक्य होईल तेव्हा तिला मुक्त करायचं. जिल्ह्यातल्या बहुतेक गोऱ्यांपेक्षा श्रीमंत झालेल्या माणसाची लेक कायद्यानं गुलामच राहिली, तीही दुसऱ्याच्या शब्दावर. पैसा असेल तो मालक, हे तुमचं सूत्र एलिसनला लावून बघा. पैशानं त्याला ६३ माणसं मिळाली, मुलीचं स्वातंत्र्य मिळालं नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर यापेक्षा सरळ पुरावा व्हर्जिनियाच्या वरिष्ठ न्यायालयानं दिलाय, तोही त्याच १८०६ साली, हजिन्स विरुद्ध राइट या खटल्यात. एका बाईनं आणि तिच्या लेकींनी दावा केला की आमचं कूळ एका मूळ अमेरिकन स्त्रीपासून, म्हणून आम्ही स्वतंत्र. न्यायालयानं त्यांचा रंग आणि केस पाहिले आणि त्यांना सोडलं. पण नियम घालून दिला तो असा : जो गोरा किंवा मूळ अमेरिकन दिसतो तो स्वतंत्र धरायचा आणि तो गुलाम आहे हे दावेदारानं सिद्ध करायचं, जो काळा दिसतो तो गुलाम धरायचा आणि स्वातंत्र्य त्यानं सिद्ध करायचं. वर्ण हा त्या व्यवस्थेत पुराव्याचा भार कुणावर, हे ठरवणारा कायदा होता.

त्या भारामुळेच कागद आला. व्हर्जिनियात प्रत्येक मुक्त कृष्णवर्णीयानं कोर्टाच्या कारकुनाकडे नोंद करायची : नाव, वय, रंग, उंची, चेहऱ्यावरचे, डोक्यावरचे आणि हातांवरचे व्रण, जन्मानं मुक्त की कोणत्या कोर्टात मुक्त झाला. नक्कल पंचवीस सेंटला. शहरात दर वर्षी नवी, कौंटीत दर तीन वर्षांनी. नक्कल जवळ नसेल तर तुरुंग, आणि तुरुंगाचा खर्च भरता आला नाही तर तो फिटेपर्यंत मजुरीवर दिला जाणार. मूल वाढलं की उंची जुळत नाही. नवा व्रण उठला की वर्णन जुळत नाही. आणि कागद फाडून टाकणाऱ्या गोऱ्याविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष कोर्टात चालत नाही. १८४१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॉलोमन नॉर्थप या मुक्त कृष्णवर्णीयाला वॉशिंग्टनमध्ये पळवून लुइझियानात विकलं, बारा वर्षांनी तो सुटून आला, तरी वॉशिंग्टनमधल्या गुलामांच्या व्यापाऱ्याविरुद्ध त्याला साक्ष देता आली नाही.

असाच कागद दुसऱ्या बाजूनंही वापरला गेला, आणि इथे तुमच्या पहिल्या आक्षेपाकडे येतो. बाल्टिमोरमध्ये १८६० साली २५,६८० मुक्त कृष्णवर्णीय होते आणि गुलाम फक्त २,२१८. मेरीलँडच्या शेतीत तंबाखूची जागा गव्हानं घेतली. गव्हाला पेरणी आणि कापणीपुरतीच माणसं लागतात, वर्षभर गुलाम पोसणं परवडेना. मग मालक ‘अमुक वर्षांनी मुक्त’ असा करार करत, कारण सुटकेची तारीख ठरलेला माणूस पळून जात नाही. असे सुटलेले लोक बंदराकडे येत. फेल्स पॉइंटच्या गोद्यांमध्ये जहाजाच्या फळ्यांच्या फटींत डांबरी काथ्या ठोकण्याचं काम मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या हाती होतं. त्याच वस्तीत ॲना मरे ही जन्मानं मुक्त असलेली मोलकरीण तेव्हा गुलाम असलेल्या, पुढे गुलामगिरीविरोधी नेता झालेल्या फ्रेडरिक डग्लसला भेटली. ३ सप्टेंबर १८३८ ला डग्लस पळाला तो खलाशाच्या वेषात, एका मुक्त कृष्णवर्णीय खलाशाचा कागद उसना घेऊन. वर्णन त्याच्याशी जुळत नव्हतं. खलाशी त्याच्यापेक्षा बराच सावळा होता. पण कागदाच्या माथ्यावर अमेरिकन गरुड छापलेला होता. गाडीतल्या कंडक्टरनं गरुडाकडे पाहिलं, खाली वाचलं नाही आणि पुढे गेला. ज्यानं तो कागद दिला त्यानं तो परत पोस्टानं येईपर्यंत स्वतःचं स्वातंत्र्य पणाला लावलं होतं. ही बाजू माझ्या लेखात यायलाच हवी होती.

व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड कौंटीतली इझरायल हिल ही वस्तीही यायला हवी होती. रिचर्ड रँडॉल्फ या गोऱ्या जमीनदारानं १७९६ मध्ये मृत्युपत्रानं आपल्या गुलामांना मुक्ती आणि जमीन दिली; इस्टेटीवरच्या कर्जामुळे ती हाती यायला १८१० उजाडलं. सुमारे नव्वद माणसं, ३५० एकर. त्यातले कित्येक ॲपोमॅटॉक्स नदीवर चपट्या तळाच्या नावा चालवत आणि तंबाखू पीटर्सबर्गला नेत.

चार्ल्सटनची ब्राउन फेलोशिप सोसायटी १७९० ची. सभासद पन्नासच, प्रवेश फी पन्नास डॉलर. आजारपणात मदत, विधवांना आधार, स्वतःची दफनभूमी. उजळ रंगाच्या माणसांपुरतीच ती होती, म्हणून १८४३ मध्ये गडद रंगाच्या मुक्त लोकांनी आपली वेगळी संस्था काढली. त्या समाजाच्या आतली ही भिंतही झाकून ठेवायचं कारण नाही.

आणि त्याच चार्ल्सटनमध्ये ऑगस्ट १८६० ला पोलीस मुक्त कृष्णवर्णीयांच्या दारोदार फिरले. पुरावा हवा होता तो आई किंवा आजी रीतसर मुक्त झाली होती याचा. १८२० नंतर तोंडी किंवा विश्वासावर सुटलेल्यांच्या वंशजांकडे तो असणं शक्यच नव्हतं. वर्षानुवर्षं मुक्त माणसाचा कर भरला होता, तोही धरला गेला नाही. एलिसनचा जावई जेम्स जॉन्सन तिथे शिंपी होता. त्यानं स्टेटबर्गला मेहुण्याला लिहिलेली त्या महिन्यांतली पत्रं १९३५ मध्ये एलिसनच्या जुन्या घराखाली खेळणाऱ्या मुलींना सापडली. ज्यांना जमलं ते शेकड्यांनी उत्तरेला गेले. ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी शहराकडे तांब्याचा बिल्ला होता, भाड्यानं दिल्या जाणाऱ्या गुलामांसाठी असायचा तोच. त्याच्यावर शहराचं नाव, साल, क्रमांक आणि कामाचा प्रकार कोरलेला असे. माणसाच्या नावाला जागा नव्हती.