‘१२ इंची स्पीकर सगळे सारखेच’ म्हणणाऱ्यांना

परभणी, सेलू, जालन्याकडच्या वाजवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘गिटार अ‍ॅम्पमधला स्पीकर म्हणजे नुसता भोंगा. टोन असतो अ‍ॅम्पमध्ये आणि पेडलमध्ये. १२ इंची कुठलाही टाका, फक्त वॅट जास्त बघा. पटत नसेल तर मोबाईलवर तुलनेच्या क्लिपा ऐका, फरक कळणारच नाही.’ हे वाचून सेलूच्या एका पोरानं आपल्या ३० वॅटच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर काढला आणि डीजेच्या डब्यातला ३०० वॅटचा बसवला. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात ढोलकी आणि कीबोर्डखाली त्याची गिटार पार दबून गेली. पोरगं रडवेलं झालं होतं. म्हणून हे लिहितोय.

आधी वॅटचं. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो न जळता किती सोसतो तो आकडा. गाडी किती क्विंटल पेलते हे कळलं म्हणून बैल किती जोरात ओढतील ते कळत नाही. आवाज किती निघेल ते सेन्सिटिव्हिटीवर ठरतं, म्हणजे तेवढ्याच ताकदीत कुठला स्पीकर किती मोठा वाजतो त्यावर. सेलेस्टियन या स्पीकर कंपनीचा अल्निको चुंबकाचा ‘ब्लू’ फक्त १५ वॅटचा, पण त्याची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल. त्याच कंपनीचा जी१२टी-७५ हा ७५ वॅटचा, आणि सेन्सिटिव्हिटी ९७. म्हणजे तोच अ‍ॅम्प, तेच बटण, तरी १५ वॅटवाला ३ डेसिबलनं मोठा वाजतो. एवढी वाढ अ‍ॅम्पमधून काढायची तर त्याची ताकद दुप्पट करावी लागेल. अर्थात १५ वॅटवाल्याला ५० वॅटचा अ‍ॅम्प जोडून जोरात वाजवला तर आतली तारेची कॉइल जळणार. वॅट बघायचे ते त्यासाठी.

आता भोंग्याचं, आणि खरी गोम इथंच आहे. गाण्याचा स्पीकर जे येईल ते जसंच्या तसं ऐकवायला बनवतात. गिटारचा स्पीकर तसा नसतोच. तो साधारण ७५ हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंत वाजतो आणि त्याच्यावर आवाज झपकन उतरतो. डिस्टॉर्शनमधली वरची खरखर तिथंच गाळली जाते. तेच डिस्टॉर्शन ट्विटरवाल्या (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर असलेल्या) डब्यातून वाजवून बघा, पत्र्यावर वाळू घासल्यासारखं लागतं. ट्विटर न लावता नुसता डीजेचा वूफर लावला तर उलटंच होतं. त्याचा कोन, म्हणजे हलणारा कागदी पडदा, जड, त्यामुळं गिटारला पुढं काढणारा दोन-तीन हजार हर्ट्झचा उठाव मिळत नाही. सेलूच्या पोराचं हेच झालं.

दोन गिटार स्पीकरमध्येही फरक असतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेडमध्ये, सोयाबीनच्या पोत्यांच्या आडोशाला, माझा ग्रीनबॅक आणि मित्राचा व्हिंटेज ३०, दोन्ही सेलेस्टियनचेच गिटार स्पीकर, आळीपाळीनं एकाच बंद डब्यात बसवून ऐकले. अ‍ॅम्प तोच, बटणं तशीच, ऐकणारे चौघे पाठ करून बसलेले. पहिल्या फेरीत चौघांनीही व्हिंटेज ३० ला मत दिलं. पण त्याची सेन्सिटिव्हिटी १००, ग्रीनबॅकची ९८, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच बरा वाटतो. व्हिंटेज ३० च्या वेळी अ‍ॅम्पचा आवाज थोडा उतरवून दोन्ही सारखे केले, तेव्हा दोघांनी मत बदललं. व्हिंटेज ३० मध्ये प्लेक्ट्रमचा (तार छेडायच्या पिकचा) टोला पुढं येत होता, ग्रीनबॅकमध्ये तोच टोला गोल होऊन येत होता. ट्यूब अ‍ॅम्प असेल तर तुलना एकाच बैठकीत करा. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि अ‍ॅम्पचाच आवाज बदलतो.

मोबाईलच्या क्लिपांचं थोडक्यात सांगतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचा आवाज निघतच नाही. शिवाय क्लिपमध्ये येतो तो माइकनं पकडलेला आवाज. माइक कोनच्या मधोमध ठेवला तर धारदार, तीन-चार सेंटिमीटर कडेकडं सरकवला तर मऊ. एवढ्यानं स्पीकर बदलल्याइतका फरक पडतो.

मेसेजमधलं एक मान्य : अ‍ॅम्प आणि पेडलचा वाटा मोठा आहेच, आणि भरल्या स्टेजवर दोन चांगल्या गिटार स्पीकरमधला फरक बराच झाकला जातो. पण म्हणून ‘कुठलाही टाका’? ओहमसुद्धा, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळाही, न बघता? त्या पोराचा अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा, ८ ओहमचा. नशिबानं डीजेचा स्पीकरही ८ चाच निघाला. ४ चा असता तर अ‍ॅम्प तापून बसला असता.

त्याचा जुना स्पीकर घरी माळ्यावर पडला होता. कोनवर धूळ होती, कॉइल शाबूत. चार स्क्रू, दोन वायरी, आणि त्यानं पहिला कॉर्ड मारला तेव्हा शेजारच्या खोलीतून त्याची आई म्हणाली, ‘आता लागली बघ तुझी गिटार.’