बाई अडली, पण नेमकी कुठे?

"मुलींची लग्नं अठराच्या आत लावू नका, फिस्टुला आपोआप संपेल," मास्तरांनी निकाल देऊन टाकला.

"इतकं सोपं असतं तर 2000 सालीच संपला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विषय इथिओपियाचा होता. फिस्टुला म्हटलं की आपल्याकडे भगंदर आठवतं. हा तो नव्हे. हा बाळंतपणातला. बाळ अडतं, त्याच्या डोक्याखाली मूत्राशय पुढच्या हाडावर दोन-तीन दिवस चेपून राहतं, रक्तपुरवठा तुटतो. मेलेला भाग तीन ते दहा दिवसांत गळून पडतो आणि तिथे भोक उरतं. मग लघवी योनीमार्गे अखंड गळत राहते. बाळ दहातल्या नऊ वेळा मेलेलंच जन्मतं. वास येतो म्हणून बाई पाणी पिणं कमी करते. त्यानं लघवी आणखी दाट होते, वास वाढतो, मांड्या सोलवटतात.

"2000 च्या सुधारित कुटुंब कायद्यानं वय 18 केलं," बाई पुढे म्हणाल्या. "तरी 2016 च्या राष्ट्रीय पाहणीत 25 ते 49 वयाच्या निम्म्या बायकांचं लग्न सतराच्या आसपास किंवा त्याआधीच झालेलं होतं. आणि फिस्टुलाच्या रुग्णांत पाचव्या खेपेच्या बायकाही असतात, मास्तर. तिथे बाळ आडवं असतं, नाहीतर मोठं असतं. त्यात वय कुठे आलं?"

"आणि कंबर?" मास्तर हटले नाहीत. "मुलगी लहानपणापासून शेवटी जेवते, पाण्याचे हंडे वाहते, वाढ खुंटते. हाडांचा मार्गच अरुंद राहतो. पाळी सुरू झाल्यावरही तो काही वर्षं वाढत असतो, त्याआधीच पोट!"

हे बाईंनी मान्य केलं. "पण कंबर अरुंद असली तरी वेळेत सिझर झालं तर भोक पडत नाही. बाई अडते घरात, रस्त्यावर, नाहीतर दवाखान्यात. कुठे ते सांगा."

बँकवाल्यानं रस्ता धरला. नवरा आणि सासू 'अजून थांबू' म्हणतात, मग बकरी विकून भाडं उभं करायचं, मग चौघांनी खाटेवरून डांबरी सडकेपर्यंत उचलून न्यायचं. वोरेडाला, म्हणजे तालुक्याला, रुग्णवाहिका असली तरी टायर नाहीतर डिझेल नसतं.

"म्हणून तर 2003 पासून केबेलेत दोन-दोन आरोग्यसेविका नेमल्या," अण्णा म्हणाले. केबेले म्हणजे साधारण पाच हजार वस्तीचा भाग. या मुली दहावी झालेल्या, वर्षभर शिकवलेल्या आणि सरकारी पगारावर. (आपल्या आशाताई 2005 च्या, आणि त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला. या फरकावर अण्णा तासभर बोलले असते, आम्ही आवरलं.) "दवाखान्यातली बाळंतपणं 2011 ला शंभरात 10 होती, 2016 ला 26, 2019 ला 48."

"अण्णा, दवाखाना म्हणजे भिंती नव्हेत," बाई म्हणाल्या. "गर्भाशयाचं तोंड तासाला साधारण एक सेंटिमीटर उघडतं, असं जुन्या पार्टोग्राफचं, म्हणजे बाळंतपणाची प्रगती मांडणाऱ्या आलेखाचं, गणित. उघडण्याची रेषा इशाऱ्याच्या रेषेपासून चार तास मागे पडली की हालचाल करायची. पण आलेख बाळंतपण उरकल्यावर भरला तर तो हजेरीपट झाला. आणि वेळेवर भरला तरी तिथे भूल देणारा, रक्त, शस्त्रक्रियागृह नसेल तर पुढचं इस्पितळ किती तासांवर आहे?"

यावर उपाय म्हणून तिथे प्रतीक्षागृहं आहेत: शेवटचे दोन-तीन आठवडे बाईनं दवाखान्याच्या आवारात येऊन राहायचं. आपल्या गडचिरोलीतल्या माहेरघरासारखंच. अडचणीही त्याच. घरची पोरं कोण बघणार, धान्य कोण देणार, सोबत आलेल्या बाईचा रोज बुडाला तर? मेळघाटात 'बुडीत मजुरी' हा शब्द याच हिशेबातून आला. ज्या प्रतीक्षागृहात जळण, धान्य आणि कॉफीची भांडी नाहीत तिथे बाई दोन दिवसांत घरी परतते.

"या सगळ्यात सर्वात स्वस्त वस्तू कुणी बोललंच नाही," बाई म्हणाल्या. "लघवीची नळी. दोन दिवस अडून सुटलेल्या प्रत्येक बाईला, भोक पडलेलं असो वा नसो, लगेच नळी घालायची आणि सुमारे दोन आठवडे ठेवायची. दिवसाला चार-पाच लिटर पाणी. मूत्राशय रिकामं राहिलं की दबलेल्या जागेला रक्त मिळतं. भोक लहान आणि ताजं असेल तर चार-सहा आठवडे नळीवरच काही जणींचं बंद होतं, टाके न घालता."

"मग घालत का नाहीत?"

"बाळ मेलं, बाई वाचली, खाट रिकामी करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. भोक नंतर पडतं, तेव्हा ती दवाखान्यात नसते."

उशिरा आलीच तर जखम निवळेपर्यंत, सहसा तीन महिने थांबून, शस्त्रक्रिया. हॅमलिन हे डॉक्टर दांपत्य 1959 मध्ये इथिओपियात आलं, 1974 मध्ये राजधानी अदिस अबाबात फिस्टुलाचं इस्पितळ निघालं, पुढे बहिर दार, मेकेले, यिर्गालेम, हरार, मेट्टू इथे शाखा झाल्या आणि 2007 मध्ये दायांचं महाविद्यालय. हात बसलेल्या शल्यविशारदाकडे साधं भोक बहुतेक वेळा बंद होतं. पहिला प्रयत्न सर्वात मोलाचा. तो शिकाऊ हातानं फसला की दुसऱ्या वेळी कातडं चिवट झालेलं असतं.

"टाक्यांपेक्षा नंतरची शुश्रूषा जास्त दगा देते," बाई म्हणाल्या. "नळी मुडपली, रक्ताच्या गाठीनं तुंबली, मूत्राशय फुगलं, की टाके सुटले. म्हणून परिचारिकेनं दर फेरीला तीनच गोष्टी बघायच्या: पितेय का, पिशवीत वाहतंय का, बिछाना कोरडा आहे का. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये साध्या दुरुस्तीनंतर नळी सात ते दहा दिवस पुरे, असं सांगितलं. त्यानं खाट लवकर मोकळी होते."

"आणि उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात 2020 ते 2022 युद्ध," बँकवाला पुटपुटला. "पगारी बाई, रुग्णवाहिका, इस्पितळं, सगळंच मोडलं."

मास्तर थोडे नरमले. "म्हणजे शस्त्रक्रिया झाली की संसार परत?"

"भोक बुजलं तरी काहींना खोकलं-शिंकलं की गळतं, कारण मूत्रमार्गाचा स्नायूच गेलेला असतो. शिवाय तीन महिने नवऱ्यापासून दूर. आणि पुढचं बाळंतपण सिझरनंच, इस्पितळात. घरी झालं तर तेच भोक पुन्हा. हे कार्डावर लिहून देतात."

"कार्ड वाचणार कोण?" अण्णा म्हणाले. "आणि पुढच्या खेपेला इस्पितळापर्यंतचं भाडं?"

"ते कार्डावर नसतं."

बँकवाल्यानं दोन माणसांचं जाणं-येणं आणि महिनाभराचं धान्य मांडायला घेतलं. मास्तर म्हणाले, "सोबतिणीचा बुडालेला रोजही धर."