बॅसिट्रॅसिन आणि ‘चित्रातली टाकी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

बॅसिट्रॅसिन या प्रतिजैविकावरील, म्हणजे जिवाणूंचे किण्वन करून (टाकीत वाढवून) मिळवलेल्या जिवाणूनाशक औषधावरील, माझ्या लेखाबद्दल आपण तीन आक्षेप घेतले आहेत: जिवाणूचे नाव चुकले, मूत्रपिंडावरील दुष्परिणामाला पुरेशी जागा दिली नाही, आणि ‘लेखकाने किण्वनाची टाकी फक्त चित्रात पाहिलेली दिसते.’

पहिला आक्षेप मान्य आहे. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला मार्गारेट ट्रेसी या मुलीच्या जखमेत सापडलेल्या, हे औषध तयार करणाऱ्या जिवाणूला तेव्हा बॅसिलस सबटिलिस म्हटले गेले. आज उत्पादनासाठी वापरल्या जाणाऱ्या जातीला बॅसिलस लायकेनिफॉर्मिस म्हणतात. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

तिसऱ्या वाक्याने मात्र मला दुखावले, आणि ते लपवण्याचे मला कारण दिसत नाही. मी बावीस वर्षे किण्वन विभागात पाळ्या केल्या आहेत. सोयापेंडीच्या माध्यमात हवा सोडली की फेस कसा चढतो, तो टाकीच्या काचेच्या झरोक्याशी येईपर्यंत फेसरोधक सोडले नाही तर हवा बाहेर जाण्याच्या नळीत शिरून सगळी बॅच कशी हातची जाते, हे मी रात्रपाळीत उभे राहून पाहिले आहे. बॅच उतरल्यावर मायक्रोकॉकस ल्यूटियस हा चाचणीचा जिवाणू पसरलेल्या आगरच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) ताटलीवर नमुना ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जिवाणू न वाढलेल्या स्वच्छ वर्तुळाच्या व्यासावरून औषधाची ताकद मोजायची, हे काम माझ्याच हातचे होते. पाण्यात विरघळलेल्या नमुन्याचे वर्तुळ, तो शीतकपाटाबाहेर राहिला की, दिवसागणिक लहान होत जाई. मलमात जस्ताचा क्षार का वापरतात, हे मला पुस्तकाआधी त्या वर्तुळांनी शिकवले. जस्ताने हे औषध टिकते, इतकेच नव्हे. जिवाणूची भित्तिका रचणाऱ्या सामग्रीची ने-आण करणाऱ्या स्निग्ध वाहकाला त्याच्या पायरोफॉस्फेट (दोन फॉस्फेट जोडलेल्या) अवस्थेत पकडून ठेवण्यासाठीही बॅसिट्रॅसिनला जस्तासारखा धातू लागतो. लेखातील हा परिच्छेद आपण वाचला असता, तर ‘चित्रात’ हा शब्द आपल्या लेखणीतून उतरला नसता असे मला वाटते.

मूत्रपिंडाचा उल्लेख लेखात आहेच. त्या दुष्परिणामामुळेच हे औषध मुख्यतः मलमापुरते राहिले आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादकांना त्याचे इंजेक्शन बाजारातून काढून घेण्यास सांगितले. लेखाचा विषय उत्पादन हा होता. याहून विस्तार तेथे अप्रस्तुत ठरला असता.

मतभेद जरूर मांडावेत, परंतु लिहिणाऱ्याने आयुष्यभर काय केले याविषयी अंदाज बांधून नव्हे. आपण स्वतः कोणत्या विभागात काम केले आहे, हे आपल्या प्रतिक्रियेत मला कोठेही आढळले नाही.