टूथपेस्ट आणि रॉकेलने गाडीचा गेलेला रंग परत येतो का?

बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी. एका बाजूला भुरकट, पांढरट पडलेला लाल रंग आणि दुसऱ्या बाजूला चेहरा दिसेल अशी चमक. असा व्हिडिओ आणि त्याखालचा लांबलचक मजकूर तुम्हालाही कुणीतरी पाठवला असेलच. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या गाडीचा रंग उडालेला नसतो, नुसता सुकलेला असतो, त्यामुळे पुन्हा रंगकाम करायची गरजच नाही. टूथपेस्टने घासा. वरून रॉकेल, डिझेल नाहीतर खाद्यतेलाचा हात फिरवा, रंगाला पोषण मिळतं. तरीही फिकं वाटलं तर रबिंग कंपाउंड (रंग घासून चमकवणारी खरखरीत पेस्ट) लावा, जितकं घासाल तितकं उजळेल. पापुद्रे सुटलेत तिथे लॅकरचा स्प्रे मारा आणि शेवटी सगळ्यावर सिरॅमिक कोटिंग करून टाका. मग पुढची दहा वर्षं बघायला नको.

व्हिडिओ खोटाच असेल असं नाही. एखाद्या गाडीवर तशी चमक येतेही. ती कशामुळे आली, किती दिवस टिकली आणि तीच कृती दुसऱ्या गाडीवर केली तर काय होईल, याचा मात्र त्यात कुठेच पत्ता नसतो.

सगळा घोळ ‘रंग नुसता सुकलेला असतो’ या पहिल्याच वाक्यात आहे, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. पत्र्यावर रंग चढवण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारं, वाळून घट्ट आणि चमकदार होणारं रेझिन एकाच थरात असतं. हा सिंगल स्टेज रंग. १९८०च्या दशकापासून मोटारींच्या कारखान्यांत दुसरी पद्धत रुळत गेली. तिच्यात खाली रंगाचा पातळ बेस कोट असतो, त्याला स्वतःची चमक जवळजवळ नसतेच, आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट बसतो. चमक देणं, ऊन अडवणं, ओरखडे झेलणं ही सगळी कामं या वरच्या थराची.

उन्हातले अतिनील किरण रेझिनमधले रासायनिक बंध तोडतात. सिंगल स्टेजमध्ये त्यामुळे पृष्ठभागाजवळचं रंगद्रव्य मोकळं होतं आणि भुकटी होऊन वर बसतं. बोट फिरवलं तर बोटाला लागतं. त्या मेलेल्या थराखाली चांगला रंग शिल्लक असतो, त्यामुळे वरचा थर हलकेच काढला की मूळ छटा पुन्हा दिसू लागते. अशा व्हिडिओंना जुनी लाल गाडी फार सोयीची पडते. लाल छटांमधली बरीच सेंद्रिय रंगद्रव्यं उन्हाला लवकर शरण जातात, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा फरक डोळ्यात भरतो. इथपर्यंत मजकुरात तथ्य आहे.

क्लिअर कोटच्या गाडीत मात्र दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि वरवर पाहता दोन्हींना आपण ‘रंग गेला’ असंच म्हणतो. एक म्हणजे क्लिअर कोट शाबूत आहे, पण बारीक ओरखड्यांनी, पाण्याच्या डागांनी, साचलेल्या मळाने मंदावला आहे. हा पॉलिशने सुधारतो. दुसरी म्हणजे क्लिअर कोटच सुटला आहे. टप, बॉनेट, डिकी अशा थेट ऊन झेलणाऱ्या आडव्या भागांवर आधी दुधी डाग पडतात, मग पापुद्रे निघतात. डागाची कड जवळून पाहिली तर तिथे पांढरट रेघ दिसते आणि त्या रेघेवरून नख फिरवलं की ते अडकतं. तिथे चमकवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. घासाल तर खालचा बेस कोटच निघून येईल आणि दुधी डागाच्या जागी प्रायमर, म्हणजे रंगाच्याही खालचा अस्तराचा थर, दिसायला लागेल.

आपली गाडी यातली कुठली, हे कळायला एक फडकं पुरतं. दाराच्या खालच्या भागात, चटकन नजर जाणार नाही अशा जागी, पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर रंग सिंगल स्टेज आहे, किंवा क्लिअर कोट संपून तुम्ही बेस कोटला हात घातला आहे. पॉलिश तसंच राहिलं तर वर क्लिअर कोट आहे. पांढऱ्या गाडीसाठी गडद फडकं आणि पांढरं नसलेलं पॉलिश घ्या, नाहीतर काहीच उलगडणार नाही. इतकी साधी तपासणी त्या भल्यामोठ्या मजकुरात एका ओळीत मावली असती, पण ती तिथे नाही.

आता टूथपेस्ट. तिच्यात घासणारे कण असतात, बहुतेक वेळा हायड्रेटेड सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. शिवाय ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, फेस आणणारी द्रव्यं. म्हणजे ती थोडंफार घासते हे खरंच. पण किती घासते हे ठरवलेलं असतं दातांच्या हिशेबाने. पेस्टची घासण्याची ताकद डेंटिनवर, म्हणजे दाताच्या इनॅमलखालच्या थरावर, मोजतात आणि आयएसओ ११६०९ या टूथपेस्टच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्या मोजपट्टीवर तिची कमाल मर्यादा २५० ठरवली आहे. त्या आकड्यावरून क्लिअर कोटचं काय होईल ते काहीच कळत नाही. गाडीच्या पॉलिशमध्ये कणांचा आकार रंगाचा विचार करून निवडलेला असतो, काही पॉलिशमध्ये तर ते घासता घासता फुटून आणखी बारीक होतात. टूथपेस्टने एखादा पुसट ओरखडा बुजल्यासारखा दिसेल, पण अख्खं बॉनेट तिने घासलं तर उन्हात गोल गोल जाळी दिसायला लागते. आणि रबराच्या पट्ट्यांच्या फटीत वाळून बसलेली पांढरी पेस्ट काढताना जीव जातो, ते वेगळंच.

हेडलाइटवर टूथपेस्ट चालते हा याच कुळातला दावा. तिथे पिवळेपणा खरोखर कमी होतो, कारण हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटवरचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवरचा, उन्हाने खराब झालेला थर निघतो. पण तो थरच ऊन अडवत होता. नवा संरक्षक थर दिला नाही तर काच पुन्हा पिवळी पडते.

रॉकेल-डिझेलची गंमत बघण्यासारखी आहे. नदीतला गोटा ओला असताना गडद आणि रंगीत दिसतो, वाळला की भुरा. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सैरावैरा फाकतो आणि डोळ्यांना पांढरट झाक दिसते. त्या सूक्ष्म खळग्यांत द्रव भरला की पृष्ठभाग सपाट झाल्यासारखा होतो आणि खालचा रंग दिसतो. द्रवाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) रंगाच्या जितका जवळ, तितका प्रकाश कमी फाकतो. पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३, रॉकेलचा १.४४च्या आसपास आणि रंगातल्या रेझिनचा १.५च्या जवळ. म्हणून तेल लावलेलं बॉनेट पाण्यापेक्षाही गडद दिसतं आणि पाण्यापेक्षा जास्त वेळ तसं राहतं. व्हिडिओ काढायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

यात पोषण कुठे आलं? रंग हा घट्ट झालेला रेझिनचा थर आहे, तो काही खात-पीत नाही. रॉकेल हळूहळू उडून जातं, डिझेलचा तेलकट थर मागे राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि ती धूळ कोरड्या फडक्याने पुसली की नवे ओरखडे पडतात. आधी लावलेलं वॅक्स दोन्हींमुळे निघून जातं आणि रबराच्या पट्ट्या फुगू शकतात. खाद्यतेल तर उन्हात चिकट होतं आणि खवट वास मारतं. रॉकेलने भिजलेली फडकी बंद खोलीत टाकून ठेवणं हा आगीला सरळ आवताण देण्याचा प्रकार आहे. पुढेमागे खरंच रंगकाम करायची वेळ आली तर पत्र्यावर राहिलेल्या तेलाच्या अंशामुळे ताज्या रंगात बारीक खळगे पडतात आणि पेंटर वैतागतो.

या दाव्याचं मूळ मात्र पूर्ण पोकळ नसावं. जुन्या सिंगल स्टेज गाड्यांचे शौकीन पॉलिशच्या आधी कोरड्या रंगावर न घासणारं, तेलकट ग्लेझ भरपूर लावून मुरू देतात. त्याने घासताना कोरडा रंग फडक्याला धरत नाही, काम सौम्यपणे होतं. ती तयारी झाली; दुरुस्ती त्यानंतरच्या पॉलिशने होते. मजकूर लिहिणाऱ्याने तयारीलाच दुरुस्ती करून टाकलं.

‘जितकं घासाल तितकं उजळेल’ हे त्या यादीतलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा भाग. ऊन अडवणारी द्रव्यं त्याच थरात असतात. थर जितका पातळ कराल तितकं संरक्षण कमी. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने किती वेळा रबिंग मारून घेतलंय हे कुणाला ठाऊक? जाडी मोजायचं साधं यंत्र सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतं, क्लिअर कोट किती उरलाय ते सांगत नाही. बॉनेटच्या कडा आणि दारांवरच्या उठावाच्या रेषा या सगळ्यात नाजूक जागा. तिथे रंग मुळात पातळ असतो आणि बफिंग मशीनचा सगळा दाब त्याच रेषेवर येतो. फिरतं मशीन तिथे थोडा वेळ जास्त रेंगाळलं तरी प्रायमर उघडा पडतो. म्हणूनच जाणकार कारागीर आधी कडांवर मास्किंग टेप लावतात. नवख्याने हाताने किंवा ड्युअल अ‍ॅक्शन मशीनने (ज्याची चकती फिरता फिरता डोलते, एकाच जागी रेटून घासत नाही), सगळ्यात सौम्य पॉलिशपासून सुरुवात करावी आणि छोट्या चौकोनावर निकाल पाहूनच पुढे जावं. चौकोनात फरक पडला नाही तरच कडक पॉलिश. त्याआधी गाडी धुऊन क्ले बारने, म्हणजे मळ ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, चिकटलेला मळ काढावा. कधी कधी अर्धी मंदपणाची तक्रार तिथेच संपते. मेटॅलिक सिंगल स्टेज असेल तर मात्र फार जपून, त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण उघडे पडले की रंग करडा दिसू लागतो.

पापुद्र्यांवर लॅकरचा स्प्रे मारायचा सल्ला तर हात जोडण्यालायक. नवा थर ज्या जुन्या थरावर बसतो तोच सुटत चाललेला असतो, त्यामुळे काही काळाने दोन्ही एकत्र निघतात. सुटलेला क्लिअर कोट घट्ट बसलेल्या भागापर्यंत घासून काढावा लागतो. हे घासणं कोरडं करू नका. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाची संयुगं असू शकतात आणि ती धूळ फुप्फुसात जाऊ नये. पाण्याने ओलं ठेवून, योग्य मास्क लावून घासावं. टिकाऊ असतो तो हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा क्लिअर कोट. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, ज्यांनी दमा जडू शकतो. ते काम घरच्या अंगणात साध्या कापडी मास्कवर करण्याचं नाही.

सिरॅमिक कोटिंगबद्दल फार लिहायला नको. ते अतिशय पातळ आणि पारदर्शक असतं, पाणी निथळायला आणि धुलाई सोपी करायला चांगलं. खाली जे आहे तेच ते जपतं. खाली मंद रंग असेल तर मंद रंगच जपला जाईल.

राहता राहिला ‘पुन्हा रंगकामाची गरजच नाही’ हा दावा. क्लिअर कोट सुटला असेल तर त्या भागाला रंगकाम लागतंच, पण अख्ख्या गाडीला लागेल असंही नाही. पुष्कळदा टप आणि बॉनेट गेलेले असतात आणि दारं बरी असतात. तेवढेच भाग करून घ्यायचे असतील तर आधी दारं आणि फेंडर पॉलिश करून घ्या, मग पेंटरला छटा जुळवायला सांगा. गाडीवरच्या पट्टीवरचा रंगाचा कोड नव्या गाडीची छटा देतो, तुमची दारं मात्र वर्षानुवर्षं उन्हात बदललेली असतात. मळकट दारांशी जुळवलेली छटा पहिल्याच पॉलिशनंतर वेगळी उठून दिसते.