व्हिडिओ गेमच्या कॅसेटी ॲसिडमध्ये टाकू नका, आधी हे वाचा

दोन दिवस झाले एक मेसेज फिरतोय, 'जुना टीव्ही व्हिडिओ गेम बंद पडला म्हणजे चिप जळाली, पार्ट मिळत नाहीत, नवीन टीव्हीला लागत पण नाही, त्यापेक्षा कॅसेटी ॲसिडमध्ये टाका, सोनं निघतं.' माझ्या मावसभावानं तर माळ्यावरनं सेट खाली काढून ठेवलाय म्हणून घाईनं लिहितोय.

आधी सोन्याचं बघू. कॅसेटच्या पिनांवर असतो तो नुसता मुलामा. आपल्याकडचे बहुतेक सेट १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी गेम सेटची नक्कल, कॅसेटला ६० पिना. एक पिन १५ चौरस मिलिमीटर धरा, मुलामा अर्धा मायक्रॉन धरा, तरी सगळं मिळून ९ मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे एका ग्रॅमला शंभराच्या वर कॅसेटी लागणार, आणि स्वस्तातल्या कॅसेटींवर तर मुलामा याहून पातळ असतो. त्यासाठी नायट्रिक ॲसिड घरात उघडायचं? त्याचा तो तांबूस धूर फुफ्फुसात गेला तर त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, तोवर माणसाला वाटतं काही झालं नाही. लहान पोरं असलेल्या घरात हे अजिबात करू नका ओ.

चिप जळाली म्हणतात ते बोर्डावरच्या काळ्या गोळ्याला बघून. तो जळका डाग नाहीच, चिपच आहे ती, वरनं इपॉक्सी ओतून झाकलेली. सेट बंद पडायची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, अडॅप्टर, ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर (अडॅप्टरचे व्होल्ट ५ वर आणणारा पार्ट) नाहीतर फुगलेला कपॅसिटर. मल्टिमीटर लावा, ७८०५ च्या आउटपुटला ५ व्होल्ट येतात का बघा, अडॅप्टरकडनं करंट येत असून ५ नसतील तर तो बदला, अजून सर्रास मिळतो. अडॅप्टर लावताना प्लस-मायनस नक्की बघा, फॅमिकॉमला मधली पिन मायनस असते, उलटा लावला तर चांगला सेट पण जाईल.

कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलीनं पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसा, वाळू द्या, मग लावा.

नवीन टीव्हीचं म्हणाल तर सेटला आणि टीव्हीला दोन्हीकडं पिवळी एव्ही पिन असली की झालं. सेटला नुसता आरएफ असेल, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या पिनेत लागणारी वायर, तर मॉड्युलेटरच्या (चित्राचा चॅनेलसारखा सिग्नल करणारा डबा) आधीच चित्राचा सिग्नल उचलून, ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट घालून एव्ही काढता येतो. गेमची बंदूक मात्र एलसीडीवर चालणार नाही, ती पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठीच बनलेली.

आणि बोर्ड खरंच मेला असेल तरी कॅसेटचा स्लॉट, रिमोट, त्यातली रबरी बटणं, बाहेरची बॉडी, हे सगळं दुसरा सेट उभा करायला लागतं. मला ६० पिनांचा स्लॉट हवाच आहे, सोलापुरात कुणाकडं मेलेला सेट पडून असेल तर भंगारात घालायच्या आधी सांगा, सात रस्त्याला, अशोक चौकात, कुठंपण येऊन घेऊन जातो.